पियानो आणि गुणगुण

माझे वडील गुणगुणतात, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. शेजाऱ्यांना माहीत होतं, पोस्टमनला माहीत होतं, जिन्यात झोपणाऱ्या मांजरालासुद्धा माहीत होतं, कारण बाबांनी चेलो हातात घेतला की ते उठून वरच्या मजल्यावर जायचं. चेलो म्हणजे व्हायोलिनचा धिप्पाड थोरला भाऊ. दोन गुडघ्यांत धरायचा आणि गजाने वाजवायचा. बाबांचा हात असा सुरात, की ऐकणाऱ्याने मुकाट बसून राहावं. पण हात सुरात आणि घसा पाव सूर खाली. वाजवताना ते नाकातून गुणगुणायचे, आणि आपण गुणगुणतोय याचा त्यांना पत्ताच नसायचा. एकाच माणसाच्या अंगात अशी दोन माणसं कशी नांदतात, देव जाणे.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं की. सांगितलं होतं एकदा. गुणगुणीचं नाही, तोंडाचं. मी शाळेत होते तेव्हा. आई चहा ओतता ओतता सहज म्हणाली, "वाजवताना तुम्ही तोंड असं करता, जसं काही कुणी पाय तुडवलाय." बाबा चहा प्याले, कप विसळून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी चेलो कपाटामागे गेला तो दोन वर्षं बाहेर आला नाही.

ती दोन वर्षं आम्ही कशी काढली ते आमचं आम्हाला ठाऊक. बाबांची नोकरी वजनमापं तपासायच्या खात्यात. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे. मापाच्या वस्तूवर त्यांची जेवढी श्रद्धा, तेवढी माणसांवर कधीच नव्हती. चेलो सुटल्यावर त्यांनी घर मापात आणायला घेतलं. पावाचे तुकडे काट्यावर तोलून वाढायचे. मग इस्त्री धरली. कपडे संपले तसे टॉवेल, टॉवेल संपले तसं पायपुसणं, आणि एके दिवशी माझ्या बुटांच्या नाड्या. शाळेत माझ्या नाड्यांना कडक घडी असायची. मुली हसायच्या. मला राग यायचा, आणि संध्याकाळी त्यांना त्या इस्त्रीपाशी वाकलेलं पाहिलं की रडू यायचं.

त्या दोन वर्षांत एक माणूस मात्र दर रविवारी न चुकता आला. दातकाका. बाबांचा जुना मित्र, धंद्याने दातांचा डॉक्टर, बाबांच्या तोंडी नुसता 'डॉक्टर', आणि बाबांच्या चेलोला साथ करणारा पियानोवाला. पियानो आमच्याच पुढच्या खोलीत होता. दातकाका यायचे, "काय वहिनी" म्हणायचे, स्टुलावर बसायचे आणि फक्त पियानोचा भाग वाजवायचे, चेलोच्या जागा रिकाम्या सोडून. एका शब्दाने बाबांना आग्रह नाही. आतल्या खोलीत बाबांची इस्त्री चालू. असं दोन वर्षं चाललं. आणि एका रविवारी अशाच एका रिकाम्या जागेत आतून चेलो आला. पाठोपाठ गुणगुणही आली. आई स्वयंपाकघरात सिंकचा नळ सोडून रडली, आवाज जाऊ नये म्हणून. त्या दिवशी आई, दातकाका आणि मी, आम्ही तिघांनी कानाला खडा लावला. जे झालं ते झालं, पण या माणसाला त्याच्या वाजवण्याबद्दल आता काहीही सांगायचं नाही.

आणि इतकी वर्षं ते निभलं. घरगुती बैठकीत ऐकणारे लांब बसायचे, पियानो दणदणीत, गुणगुण बुडून जायची. घोड्याने पेंड खाल्ली ती रेकॉर्डिंगच्या वेळी.

झालं असं, की बाबांच्या डाव्या हाताची करंगळी आखडायला लागली. हाडाचा डॉक्टर म्हणाला, वाजवता येतंय तोवर वाजवून घ्या. बाबा घरी आले आणि जेवताना जाहीर केलं, की दाढीवाल्याचा सोनाटा, म्हणजे त्याची चेलो-पियानोची लांबलचक रचना, रेकॉर्ड करायचा. दाढीवाला म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा एक संगीतकार. त्याचं चित्र पियानोच्या वर टांगलेलं होतं. तो कुणाच्या तरी प्रेमात पडला, तिकडून नकार आला, आणि त्याने सगळा राग चेलो आणि पियानोवर काढला. बाबा आणि दातकाका जन्मभर तो राग शांत करत होते.

"रेकॉर्डिंग तू करायचंस," बाबा मला म्हणाले. "बाहेरचा माणूस नको."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझा छोटा स्टुडिओ आहे. फरशी पुसायच्या द्रवाच्या जाहिराती करते, लिफ्टमधल्या सूचना करते. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये 'कृपया दारापासून दूर उभे राहा' म्हणणारी बाई माझ्याच माइकपुढे ते म्हणाली. माझा माइक कसा आहे ते मला ठाऊक होतं. त्या बाईने गिळलेला आवंढासुद्धा त्याने सोडला नव्हता.

पहिल्या दिवशी स्टुडिओत भाड्याचा पियानो आणला आणि दोघं नेहमीसारखेच बसले. पुढे बाबा, ऐकणाऱ्यांकडे तोंड करून, आणि त्यांच्या पाठीमागे पियानोवर दातकाका. सोनाट्याचा पहिला भाग धुमश्चक्रीचा, त्यात सगळं खपून गेलं. दुसरा भाग संथ. बाबांनी गज टेकवला आणि माझ्या हेडफोनमध्ये चेलोच्या शेजारी एक भुंगा बरणीत कोंडल्यासारखा सुरू झाला. बरं, तो कापून काढावा तर चेलो आणि नाक एकाच माइकमध्ये. दुधातलं पाणी काढून दाखवा म्हटल्यासारखी गत. काचेपलीकडे दातकाका माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. मी बटण दाबून म्हटलं, "बाबा, वायरीत खरखर येतेय. उद्या करू."

"वायर तपासून घे," बाबा म्हणाले. "निष्काळजीपणा चालणार नाही."

मी धडधाकट वायर काढून दुरुस्तीच्या डब्यात टाकली.

आमची गुप्त बैठक दातकाकांच्या दवाखान्यात झाली. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून आई पेशंटच्या खुर्चीत आडवी झाली, आणि सवयीप्रमाणे काकांनी तिच्यावर दिवा लावला.

"दिवा काढा भाऊजी, मला सुचत नाहीये," आई म्हणाली.

काकांचा उपाय धंद्यातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना "हिरडी सुजलेली दिसते" म्हणून खुर्चीत बसवलं आणि दोन्ही गालांत कापसाच्या गुंडाळ्या ठासल्या. स्टुडिओत गुणगुण तरीही आली, कारण ती मुळात नाकातून येते, आणि आता तर नाकावरच सगळा भार पडल्याने आणखी केविलवाणी आली. मग आईने कडक गोळी चघळायला दिली. ती दातांवर आपटून टकटक वाजायची, तीही तालाच्या जरा आधी. मग माझी अक्कल. मला वाटलं, पियानो मागे असला की बाबांना चेव येतो, तर पियानो वेगळाच करू. मी पियानो सामानाच्या खोलीत ढकलला आणि दातकाकांना तिथे एकटं बसवून त्यांचा अख्खा भाग रेकॉर्ड केला. त्यांना सवय होतीच रिकाम्या जागा सोडून वाजवायची. तो इतका स्वच्छ आला, की बोटांखेरीज त्यात दुसरं काही नव्हतं. तो हेडफोनमधून बाबांना ऐकवला आणि म्हटलं, आता याच्यावर वाजवा.

बाबांनी जरा वेळ प्रयत्न केला आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "डॉक्टर पाठीमागे नसेल तर मला जमत नाही," ते म्हणाले. "हे म्हणजे फोनवरून जेवल्यासारखं होतंय."

तो पियानो मी बाजूला ठेवून दिला. आता काय करावं ते सुचेना.

शेवटी आईच म्हणाली, "थर्मामीटर लावा."

मला वाटलं, आईला ताप आलाय. पण ती बाबांना माझ्यापेक्षा जास्त ओळखते. मापाची वस्तू तोंडात आहे म्हटल्यावर हा माणूस श्वाससुद्धा परवानगी काढून घेईल, असं तिचं म्हणणं. मग आम्ही नियम तयार केला. वाजवणाऱ्याच्या अंगातल्या उष्णतेने तारा ढिल्या पडतात, म्हणून आजकाल रेकॉर्डिंग चालू असताना वाजवणाऱ्याचं तापमान घ्यावं लागतं. मी हे बाबांना सांगताना जमिनीकडे बघत होते. इतकं धडधडीत खोटं मी जाहिरातीतही बोलले नव्हते.

बाबा खूश झाले. "हे शास्त्रीय आहे," ते म्हणाले. "फार आधी सुरू व्हायला हवं होतं."

आणि माझ्या वडिलांनी दाढीवाल्याच्या तुटलेल्या हृदयाचा संथ भाग जिभेखाली थर्मामीटर धरून वाजवला. डोळे नाकाच्या शेंड्याकडे, पारा दिसतोय का ते बघायला. गुणगुण नाही. एकदासुद्धा नाही. शेवटचा सूर संपला तसा काकांनी पुढे होऊन थर्मामीटर काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "नॉर्मल."

"असणारच," बाबा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. आईने पर्समधून बिस्किटं काढली. मी मोठ्या स्पीकरवर तो टेक, म्हणजे आत्ताचं रेकॉर्डिंग, लावला आणि आम्ही चौघं ऐकायला बसलो.

काय सांगू तुम्हाला. सूर सगळे बरोबर होते, वेळेवर होते, आणि त्यात कुणीच नव्हतं. दुकानदार काट्यावर साखर घालतो तसे बाबा सूर घालत होते, जास्त नको, कमी नको. आई बिस्किट हातात धरून बसली. मी स्पीकरच्या जाळीकडे बघत राहिले. 

संपल्यावर बाबांनी विचारलं, "हे कोण वाजवतंय?"

"तुम्हीच, बाबा."

"हो. तेच म्हणतोय." त्यांनी डावा हात उलटा करून बघितला. "गेला. करंगळीबरोबर सगळाच हात गेला. मला कळलं नाही, एवढंच." ते उठले, चेलोपाशी गेले आणि तारांच्या खुंट्या ढिल्या करायला लागले. पेटीत कायमचा ठेवायचा असला की तारा उतरवून ठेवतात. मी आईकडे बघितलं. आईच्या चेहऱ्यावर मला ती इस्त्री दिसली.

आता माझ्यापुढे काय होतं बघा. हात गेलेला नाही हे पटवायचं, तर पहिल्या दिवशीचा टेक ऐकवायला हवा. तो ऐकवला, तर भुंगा ऐकू येणार. न सांगावं तर आज वाजवणं सुटतंय, ऐकवावं तर ऐकून सुटेल. दोन्हीकडून चेलो कपाटामागेच. पण न ऐकवता चेलो गेला असता, तर खोट्या समजुतीपायी गेला असता, आणि हे मला सहन होईना. जे व्हायचं ते खरं कळून होऊ दे, असं म्हणून मी पहिल्या दिवशीचा टेक लावला. आईने माझा हात धरला. धरला म्हणजे नखं रुतवली.

चेलो सुरू झाला, आणि भुंगाही. त्या मोठ्या स्पीकरवर तर तो आमच्या चौघांच्या मधोमध येऊन बसला. बाबांची पाठ आमच्याकडे होती. खुंटीवरचा हात थांबला. ते वळले, येऊन खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. टेक संपला.

"हात आहे," बाबा म्हणाले.

"आहे ना बाबा, मी तेच..."

"जवळ ये." मी जवळ गेले. त्यांनी आवाज खाली आणला, जरी दातकाका हाताच्या अंतरावर बसले होते. "तो आवाज ऐकलास? गुणगुण?"

"कसली?" मी म्हटलं.

"रेकॉर्डिंग करतेस ना तू? मग कान तपासून घे." त्यांनी काकांकडे तिरकं बघितलं. "डॉक्टर गुणगुणतो. इतकी वर्षं माझ्या पाठीमागे बसून गुणगुणतोय. आणि पाव सूर खाली."

आईच्या हातातलं बिस्किट मोडलं.

"मी त्याला कधी बोललो नाही," बाबा सांगत होते. "तुझ्या आईने माझ्या तोंडाचं काढलं, तर माझी दोन वर्षं गेली. हा तर माझ्यापेक्षा हळवा. पियानोच सोडला असता याने. म्हटलं, जाऊ दे, गुणगुणू दे. आता यात ते आलंय आणि त्यालाही ऐकू गेलंय, म्हणून बोलतोय."

दातकाका जन्मात कधी गुणगुणले नव्हते. शीळसुद्धा नाही. तोंड उघडं ठेवलेल्या माणसांशी दिवसभर बोलायची सवय, त्यामुळे उत्तराची अपेक्षा न करता गप्प राहणारा माणूस. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"माफ कर," ते म्हणाले. "सवय आहे. जात नाही."

आईला ठसका लागला आणि ती तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली.

"अरे, माफी कसली मागतोस," बाबा म्हणाले. "मला ती लागते. मागून तुझी गुणगुण आली की कळतं, सगळं ठीक चाललंय. आज ती नव्हती, म्हणून तर माझा हात चालेना. तू गप्प का बसलास आज?"

काकांनी विचार केला. "थर्मामीटर फुटेल अशी भीती वाटली."

"तो माझ्या तोंडात होता."

"हो. तरी."

बाबांनी मान हलवली. एवढ्या शिकलेल्या माणसाने असं बोलावं याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. मग तारा परत चढवल्या, सूर लावले, आणि मला म्हणाले, "तो नियम आजच्यापुरता मोडू. थर्मामीटर नको. आणि डॉक्टर, तू मोकळेपणाने गुणगुण, लाजू नकोस."

त्या दिवशी झालेला टेक आम्ही जसाच्या तसा ठेवला. बाबांच्या हट्टाखातर कव्हरवर छापलं: चेलो, खाली बाबांचं नाव, पियानो आणि गुणगुण, खाली दातकाकांचं नाव. एका वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं, की पियानोवादक उत्तम आहेतच, पण त्यांची गुणगुण काळजाला हात घालते. बाबांनी ते कात्रण काकांच्या दवाखान्यात चिकटवलं. मग लोकांना ती प्रत्यक्ष ऐकायची असायची, म्हणून काकांवर खरंच गुणगुणायची पाळी आली. दात कोरता कोरता सराव करायचे. पेशंट घाबरायचे. पाव सूर खाली जाणं त्यांना फार जड गेलं, कारण त्यांचा कान चांगला. पण जमवलं त्यांनी. पुढच्या बैठकीत पुढून एक आणि मागून एक अशा दोन गुणगुणी, दोन्ही सारख्याच बेसूर. बाबा मला घरी येताना म्हणाले, "अलीकडे त्याचा आवाज वाढलाय. कौतुकाने शेफारला."

मागच्या वर्षी दातकाका गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता.

बाबांनी चेलो कपाटामागे ठेवला आणि इस्त्री काढली. आईने फोन केला. "पडदे टांगलेलेच इस्त्री करतायत," ती म्हणाली. "तू ये, नाहीतर हा माणूस मलाही सोडायचा नाही." ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही.

मी रविवारी गेले. सोबत स्पीकर नेला होता. पुढच्या खोलीत पियानोच्या स्टुलावर ठेवला, पुढे बाबांची खुर्ची मांडली, आणि कुणाला काही न विचारता सामानाच्या खोलीत रेकॉर्ड केलेला काकांचा तो पियानो लावला. संथ भाग. काकांची बोटं, मग चेलोची रिकामी जागा, मग परत बोटं. आतल्या खोलीत इस्त्रीचा आवाज चालू होता, मग थांबला. पियानो आपला चालत राहिला, जागा सोडत. बराच वेळ काही झालं नाही. मग कपाट सरकल्याचा आवाज आला.

बाबा चेलो घेऊन आले, आमच्याकडे न बघता खुर्चीत बसले, स्पीकरकडे पाठ करून. करंगळी वळत नव्हती, तिच्या जागी त्यांनी शेजारचं बोट लावलं. पुढच्या रिकाम्या जागेत गज टेकवला, आणि जरा वेळाने नाकातून भुंगा सुरू झाला.

ते मधेच थांबले. मागे वळून बघितलं नाही. "ऐकलंस?" मला म्हणाले. "हे तू फार चांगलं रेकॉर्ड केलंस. त्याची गुणगुण सगळी आलीय यात."

त्यात गुणगुण नव्हती. मी स्वतः तपासून ठेवलेला होता तो. मी आईकडे बघितलं, तर आई गरम इस्त्री हातात धरून दारात उभी होती आणि तिचे डोळे वाहत होते.

"हो बाबा," मी म्हटलं. "सगळी आलीय."

"मग पहिल्यापासून लाव," बाबा म्हणाले, आणि मी पहिल्यापासून लावलं.